वहीवर नाव नव्हतं

नलिनीबाईंनी मला फसवलं. कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात त्या व्यायामोपचार विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली एक अख्खा हंगाम बिनपगारी राबले होते. त्या हंगामात मी लिहिलेली वही त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि मुंबईच्या कॉलेजात ती त्यांच्या भाचीच्या नावानं गेली. भाचीला प्रवेश मिळाला. मला मिळाला नाही. घडलं ते एवढंच. बाकी जे काही माझ्यापाशी उरलंय तो नुसता वास आहे.

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की हुपरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून तो आत येतो. आजूबाजूच्या शिवारात गुऱ्हाळं पेटलेली असतात. काहिलीत उसाचा रस उकळत असतो, खाली चुलवाणात वाळकी चिपाडं जळत असतात आणि त्या दोन्हींचा मिळून एक गोड, करपट, घशाला चिकटणारा वास फडांवरून सरकत येतो. गाडीतली माणसं नाक वर करतात. "पेटलं वाटतं पाटलाचं," कुणीतरी म्हणतं. कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र त्या वासाच्या मागोमाग वितळलेल्या मेणाचा वास येतो, जो त्या गाडीत कुठंच नसतो. मी खिडकी लावून घेते. शेजारची बाई रागानं बघते. बघू दे.

बारा हंगाम झाले. एवढ्या वर्षांत मी हुपरीत स्वतःच्या हिमतीवर चांदीच्या पैंजणांचा व्यापार उभा केला. वडिलांकडं एक भट्टी, एक फुंकणी आणि दुसऱ्याचं काम होतं. माझ्याकडं माझा शिक्का आहे. परगावचे व्यापारी माझ्या बैठकीवर येतात ते आधी चहा पितात, मग हळूच म्हणतात, "बाई, जरा सांभाळून घ्या की." मी म्हणते, "पैंजण खाली ठेवा." ते ठेवत नाहीत. एकदा हातात घेतलेली वस्तू खाली ठेवणं माणसाला जड जातं, हे मला फार लवकर कळलं आणि त्यावरच माझं पोट चालतं. माझ्या तोंडाला गाव भितं. पण आयुष्यात जो एकच सौदा ताठ मानेनं करायला हवा होता तो मी खाली मान घालून केला. त्यानंतर जिंकलेले सगळे सौदे त्या एकाची भरपाई करायला गेले आणि कमी पडले.

व्यायामोपचाराच्या नादाला मी लागले ती आण्णांच्या मनगटामुळं. मी कॉलेजात असताना आण्णा, म्हणजे माझे वडील, सायकलवरून पडले. गावच्या हाडवैद्यानं हात बांधला. हाड बसलं, पण मनगट लाकडासारखं झालं. चिमटा धरता येईना, घुंगराला डाग देऊन ते जोडता येईना. अव्वा, माझी आई, देवाला बोलत बसायची. शेवटी कुणीतरी कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलाचं नाव सांगितलं. तिथं नलिनीबाईंनी सहा आठवडे आण्णांचं मनगट नुसतं शेकलं, वाकवलं, मोजलं आणि पुन्हा वाकवलं. ना औषध, ना कापाकापी. सातव्या आठवड्यात आण्णांनी भट्टीपुढं बसून चिमट्यात एक घुंगरू धरलं. ते घुंगरू थरथरत होतं, पण खाली पडलं नाही. ते मी उभ्या जागी बघितलं आणि ठरवलं की हे शिकायचं. हे ऋणही मी नाकारत नाही. नलिनीबाईंनी आधी दिलं आणि मग घेतलं, म्हणून तर त्यांचं काय करावं ते मला अजून कळत नाही.

इंटर सायन्सला मार्क बरे पडले, फार नव्हेत. मुंबईला हे शिकवणाऱ्या कॉलेजात अर्ज केला. मुलाखतीत माझ्या तोंडातून चार वाक्यं धड निघाली नाहीत. मग टपालानं इंग्रजीतलं पत्र आलं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच.

"काय लिव्हलंय गं?" आण्णांनी फुंकणी बाजूला ठेवून विचारलं.

"यंदा जागा भरल्या म्हणत्यात. फुडच्या वर्साला या म्हणत्यात."

"म्हंजे न्हाय म्हणत्यात," अव्वा आतून म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती, पण पत्र तिनंच बरोबर वाचलं.

नकार ऐकून घरी बसणं माझ्या स्वभावात नाही. नकार ही सौद्याची सुरुवात असते, असं मी तेव्हाही मानत होते. मी मुंबईला गेले आणि कॉलेजच्या कचेरीत कारकुनापुढं उभी राहिले. काय कमी पडलं ते सांगा, म्हटलं. तो म्हणाला, "बाई, हा भाजीबाजार नाही." मी म्हटलं, "बाजारात निदान वांगं कशानं किडलं ते तरी दाखवतात." आवाज चढला असणार, कारण आतून चष्मा लावलेल्या एक प्राध्यापिका बाहेर आल्या. त्यांनी माझे कागद उभ्या उभ्या चाळले. "मार्क काठावर आहेत, ते आता बदलणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पण असा विभाग तुम्ही आतून पाहिलेलाच नाही. एक वर्ष कुठंतरी काम करा. जे पाहाल ते मोजून, लिहून आणा. विभागप्रमुखांचं प्रमाणपत्र आणा. मग बोलू." 'मग बोलू' हे दोन शब्द मी कोल्हापूरपर्यंत मुठीत धरून आणले. एवढ्याशा आशेवर माणूस किती वजन टाकतो!

दसऱ्यानंतर मी नलिनीबाईंपुढं जाऊन उभी राहिले. पगार नको, म्हटलं. झाडायला सांगा, पुसायला सांगा, पण काम बघू द्या, रोजचं लिहू द्या आणि शेवटी प्रमाणपत्र द्या. त्या हसल्या. "आण्णांची मुलगी ना तू? ये उद्यापासून." मी एवढी खूश झाले की प्रमाणपत्रात काय लिहिणार हे विचारायचंच राहिलं.

विभाग म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला कप्प्या आणि दोऱ्या, एक लाल दिव्याचा शेक आणि कोपऱ्यात मेणाची पेटी. त्या पेटीत मेण वितळवून ठेवलेलं असायचं. आखडलेला हात त्यात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा. मेणाचा पांढरा मोजा हातावर चढला की वरून टॉवेल गुंडाळायचा आणि ऊब मुरली की सोलून काढून बोटं वाकवायची. सकाळची पहिली एस.टी. धरून मी पोचायची तेव्हा मेण घट्ट असायचं. ते विरघळेपर्यंत मी खोली झाडून घ्यायची. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्या मेणाची वाफ दिसायची. आजही कुठं मेणबत्ती विझवली की माझी बोटं आपोआप कुणाचातरी हात शोधायला लागतात.

गुऱ्हाळं पेटली आणि हात यायला लागले. त्याआधी मला हे माहीत नव्हतं. आपण गूळ खातो, पण चरकात ऊस सारणाऱ्या हाताचा विचार करत नाही. पहाटेच्या थंडीत हात बधिर होतो, उसाच्या टोकाबरोबर बोटं आत जातात. ज्यांचं काही शिल्लक राहायचं त्यांचे हात टाके निघाल्यावर आमच्या खोलीत यायचे. सुजलेले, चकाकणारे, स्वतःच्या मालकाला न ओळखणारे हात. त्यांतला एक सदाचा. गारगोटीकडचा, पंचविशीतला, बोलका गडी. दोन बोटं गेली होती, बाकीची राहिली होती, पण अंगठा हलत नव्हता.

पहिल्या दिवशी मेणाच्या पेटीत डोकावून तो म्हणाला, "अक्का, हे आमचंच गुऱ्हाळ की! काहील हाय, रस हाय. गुळव्या तेवढा बाईमाणूस हाय."

"हात बुडीव आन् गप बस," मी म्हटलं.

"झोप लागलीती व्हय रं चरकावर?" शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"झोप कसली! बैलाचा चरक आसता तर आरडल्यावर थांबला आसता. इंजान काय ऐकतंय?" सदा हसत म्हणाला आणि त्यानं हात पुन्हा मेणात बुडवला. मी दुसरीकडं बघितलं.

अडचण मोजण्याची होती. विभागात कोन मोजायची एकच पट्टी होती, गुडघ्याकोपराची, भलीमोठी. बोटाच्या पेराला ती लावायची म्हणजे खेळच. नलिनीबाई बोटांचे कोन नजरेनंच सांगायच्या, "थोडं सुधारलंय." पण मला मुंबईनं सांगितलं होतं, मोजून आणा. मी कंपासपेटीतला कोनमापक आण्णांपुढं ठेवला आणि माझ्या अंगठ्यावर धरून दाखवलं, की एवढंच पायजे, पेराएवढं, मधी बिजागरी.

आण्णांनी चार संध्याकाळी त्यात घातल्या. जर्मन सिल्व्हरची पातळ पट्टी कापली. दोन भुजा केल्या, मध्ये मोहरीएवढी बिजागरी. टाकणखार लावून, फुंकणीनं निळी ज्योत रोखून डाग दिला. अर्धवर्तुळावर कोनाच्या रेघा कोरल्या, पाचपाचाच्या अंतरानं, भिंग डोळ्याला लावून. शेवटी कड बोटानं चाचपून म्हणाले, "दुखऱ्या हाताला लागंल," आणि पुन्हा घासायला बसले. नव्वद तिथं दोन बारीक टिंबं दिली. "हे कशाला?" मी विचारलं. "शोभंला," म्हणाले. ज्या हाताला त्या विभागानं बरं केलं होतं, त्याच हातानं त्यांनी ती पट्टी केली. देताना तेवढंच बोलले, "फेडलं म्हण त्यास्नी."

पट्टी लावली आणि सदाचा अंगठा पाच अंश वाकला. एक आठवडा पाच. दुसऱ्या आठवड्यात पाच. मी ओरडायची, तो शिव्या घालायचा, मनातल्या मनात, पण ओठ हलायचे. संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी, बाहेर कुणाच्या तरी बैलगाडीची घुंगरं वाजत होती, मेण सोलून मी पट्टी लावली आणि भुजा पंधराच्या रेघेवर गेली. मी पुन्हा लावली. पंधरा. सदा माझ्या तोंडाकडं बघत होता. "काय झालं, अक्का? गेला काय ह्योबी?" मी त्याला रेघ दाखवली. त्याला अंक वाचता येत होते. त्यानं त्या रेघेकडं बघितलं, अंगठ्याकडं बघितलं आणि खालमानेनं म्हणाला, "आता तंबाकू मळता ईल." मी त्या दिवशीची नोंद लिहिली तेव्हा पेन नीट चालत नव्हतं. वहीच्या त्या पानावर एक अक्षर फाटलेलं होतं.

होतं, म्हणते मी. आता ते पान कुठं आहे, देव जाणे.

वही मी अशी लिहिली. विभागात कच्च्या कागदांवर मराठीत टिपण करायचं. घरी येऊन जेवणानंतर डिक्शनरी उघडून तेच इंग्रजीत उतरवायचं. एकेक पान दोन दोनदा. सात हात होते त्यात. प्रत्येक हाताचा पहिला दिवस, मग आठवड्याआठवड्याचा कोन, काय केलं, काय चुकलं, कोण मध्येच यायचं थांबलं. एका पानावर आण्णांनी स्वतः पट्टीचं चित्र काढलं, जसं ते पैंजणाच्या नमुन्याचं काढतात, रेघेला रेघ. वही संपली तेव्हा मी पहिलं पान कोरं सोडलं होतं.

"आण्णा, यावर नाव घालू का?"

ते हसले. "नाव? पैंजणावर कोण नाव घालतंय व्हय? काम करायचं, द्यायचं. शिक्का मारणारा मारतोय."

आमच्या गावात असंच चालतं. एका घरात तार ओढतात, दुसऱ्यात कड्या, तिसऱ्यात घुंगरू, चौथ्यात उजाळा. चार घरांतून फिरून पैंजण शेवटी व्यापाऱ्याकडं जातं आणि त्याचा शिक्का बसतो. त्या चार घरांचं नाव कुठंच नसतं, आणि नसतं म्हणून कुणाला वाईटही वाटत नाही. मी त्या हवेत वाढले. काम चांगलं असलं की पुरे, असं मला वाटत होतं. वहीचं पहिलं पान मी कोरंच ठेवलं.

फेब्रुवारीत रेखा दोनदा आली होती. नलिनीबाईंची भाची. गोरी, अबोल, चांगल्या घरची. खुर्चीवर बसून ती आमचं काम बघायची. सदानं तिला विचारलंही, "ताई, तुम्हीबी बुडीवताय काय हात?" ती लाजून हसली. मला तिच्याबद्दल काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मार्चच्या शेवटी नलिनीबाईंनी मला बोलावलं. "विमल, तुझं अक्षर छान आहे, पण मुंबईचे लोक हातानं लिहिलेलं वाचत नाहीत. वही माझ्याकडे दे. टाइप करून घेते, वर माझं पत्र जोडते आणि परस्पर पाठवते." मी वही दिली. तोळाभर चांदी कुणाला दिली तर वजन लिहून सही घेणारी मी, ती वही दोन्ही हातांनी दिली आणि वाकून नमस्कार केला. कच्चे कागद विभागाच्याच कपाटात होते, ते तिथंच राहिले. पट्टीही मी मागितली नाही. सदाचा अंगठा तेव्हा तिशीला आला होता आणि त्याला अजून दोन महिने मोजायचं होतं. पट्टी मुंबईला दाखवायला नेली तर त्याचं कसं व्हायचं, हा विचार मी केला. माझ्या अंगठ्याचा केला नाही.

मुंबईला मुलाखतीच्या दिवशी बाकावर माझ्या आधी रेखा होती. मला बघून ती दचकली की नाही, हे मी अजून आठवून बघते. तिच्या मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची फाईल होती. ती आत गेली, वीस मिनिटांनी हसत आली आणि निघून गेली. फाईल आतच राहिली.

मी आत गेले. या वेळी मी तयार होते. आरशापुढं उभं राहून इंग्रजी पाठ केलं होतं. काय काम केलंत, असं विचारलं आणि मी चरकातले हात सांगायला लागले. मेण, आठवडे, पाच अंश, पंधरा अंश. चौघंजण एकमेकांकडं बघायला लागले. त्यांतल्या एका टकल्या गृहस्थांनी विचारलं, "हे तुम्ही कुठं वाचलंत?"

"वाचलं न्हाय, केलंय."

त्यांनी निळी फाईल उघडून माझ्यापुढं धरली. टाइप केलेली पानं होती. मधल्या एका पानावर आण्णांनी काढलेलं चित्र, ट्रेसिंगवर उतरवलेलं. नव्वदावरची ती दोन टिंबंसुद्धा.

मी टेबलावर हात आपटला. पाठ केलेलं इंग्रजी गेलं, पुस्तकी मराठी गेली. "ही माझी वही हाय! मी लिव्हलोय ही!" मी ओरडले. कुणीतरी माझ्या बोलीला हसलं. त्या हसण्यानं मी आणखी भडकले. पहिल्या वर्षी भेटलेल्या त्या चष्म्याच्या प्राध्यापिका तिथं होत्या, त्यांनीच शांतपणे विचारलं, "यावर तुमचं नाव होतं का?"

"नव्हतं."

"ते उपकरण आणलंय?"

"कोल्हापुरात हाय. एका पेशंटला लागतंय."

नलिनीबाईंनी माझ्या नावानं परस्पर पाठवलेलं बंद पाकीट त्यांनी फोडलं. नलिनीबाईंचं प्रमाणपत्र होतं. दोन ओळींचं. कुमारी विमल यांनी विभागात मदतनीस म्हणून साफसफाईचं व किरकोळ काम केलं. वर्तणूक चांगली. प्राध्यापिका बाईंनी ते वाचून दाखवलं, आणि 'वर्तणूक चांगली' हे शब्द मी टेबल आपटल्यानंतरच्या शांततेत ऐकले.

कोल्हापूरला उतरले ती तडक विभागात गेले. नलिनीबाई एका म्हातारीचा खांदा वर करत होत्या. त्यांनी काम थांबवलं नाही. "विमल, विभागात जे होतं ते विभागाचं असतं," त्या म्हणाल्या. "तू शिकायला आलीस, शिकलीस. वही? टायपिस्टकडं कुठंतरी राहिली. आणि रेखाचे मार्क तुझ्यापेक्षा चांगलेच होते, तिला कसंही मिळालं असतं."

"मग माझी वही कशाला लागली?"

नलिनीबाई म्हातारीला म्हणाल्या, "हं, अजून थोडा वर." मला उत्तर दिलं नाही. आजतागायत नाही. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शिपायानं मला दाराबाहेर काढलं. जाताना पाहिलं, पट्टी काचेच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं.

तिसऱ्यांदा अर्ज पाठवला. त्याचं उत्तरसुद्धा आलं नाही. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी आली. घरी मी सांगितलं की मार्क कमी पडले. आण्णांना खरं सांगायचं तर नावाबद्दल त्यांनी दिलेला सल्लाही सांगावा लागला असता. ते माझ्याच्यानं झालं नाही, होणार नाही.

आज माझा शिक्का ज्या पैंजणांवर बसतो ती बारा घरांतून होऊन येतात. त्यांची नावं त्यांवर नसतात. कधीतरी बैठकीवर एकटी असले की हे मनात येतं. मी स्वतःला सांगते, की त्यांना माहीत असतं, हे विकायला केलंय. मला माहीत नव्हतं. या दोहोंत फरक आहे. पण तो रोज नव्यानं सांगावा लागतो, हे काही बरं लक्षण नव्हे.

यंदा माझा उजवा खांदा धरला. तराजू उचलून उचलून, असं डॉक्टर म्हणाले आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवरच्या कोल्हापुरातल्या पत्त्यावर गेले तर दारावर रेखाची पाटी. परत फिरले असते, पण दुखणं मोठं होतं. तिनं मला ओळखलं नाही. मी जाड झालेय, केस पांढरे झालेत. "ताई, हात वर घ्या. इथं दुखतं?" तिचा हात चांगला आहे. हे लिहिताना जीवावर येतं, पण आहे. नेमक्या जागी थांबतो, नेमका दाब देतो. असा हात माझाही झाला असता.

ती बिल लिहीत असताना मी टेबलाकडं बघितलं. ट्रेमध्ये, कापसाच्या डब्याशेजारी, पट्टी होती. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, पण नव्वदावरची दोन टिंबं तशीच.

"हे काय?" मी विचारलं.

"बोटांचे कोन मोजायचं. मावशी निवृत्त झाली तेव्हा मला दिलं. किती बारीक काम आहे बघा. आता असं कोणी करत नाही."

"कुणी केलंय?"

"ते काही माहीत नाही. तिकडच्याच कुठल्यातरी सोनारानं केलं असेल."

मी म्हटलं, किंमत सांगा. ती हसली, विकायचं नाही म्हणाली आणि पट्टी पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. पहिल्यांदाच असं झालं की समोरच्यानं वस्तू खाली ठेवली आणि माझा हात वरच राहिला. दुसऱ्या आठवड्यापासून मी तिथं गेले नाही. खांदा तसाच आहे.

आण्णांना आता दिसत नाही. आयुष्यभर ज्योतीकडं बघून डोळे गेले. ते पुढच्या सोप्यात बसतात. शिवारात गुऱ्हाळं पेटली, वास घरापर्यंत आला की दर वर्षी न चुकता विचारतात, "इमल, दवाखान्यात आपली पट्टी हाय का गं अजून?" बारा वर्षं मी म्हणत आले, "आसंल की." यंदा म्हटलं, "हाय. वापरत्यात. डोळ्यानं बघून आलो." त्यांचा चेहरा उजळला. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट त्यांनी हवेत असं मिटलं, जसं काही चिमट्यात मोहरीएवढी बिजागरी धरलीय.

मग त्यांनी विचारलं, "कुणी केली म्हून इचारत्यात का?"

मी एस.टी. चुकेल म्हणून उठले. एस.टी.ला अजून तास होता.

नलिनीबाई, तुम्ही कोल्हापुरातच राहता, मला ठाऊक आहे. हुपरीची गाडी स्टँडवर मिळते. गावात आमचं घर कुणीही दाखवेल. आण्णांना दिसत नाही, तेव्हा त्यांच्या नजरेला नजर देण्याचा त्रास तुम्हाला पडणार नाही. भाचीकडून पट्टी मागून आणा आणि त्यांच्या हातात द्या. त्यांनी विचारलं, ही कुणी केली म्हणून कुणी विचारतं का, तर काय ते तुम्ही सांगा. बारा वर्षं मी उत्तरं दिली. हे उत्तर तुमचं आहे. येऊन द्या.